पुलीवरची रेघ आणि स्क्रीनवरचा आकडा

(दृश्य: काळोखात टायमिंग लाइटच्या चमकेत फिरणारी क्रँक पुली)

इंजिन 1000 आरपीएमवर चालू आहे. पुली गरगर फिरतेय, पण एक नंबरच्या प्लगच्या स्पार्कबरोबर पडणाऱ्या लाइटच्या प्रत्येक चमकेत ती थबकल्यासारखी दिसते. इंजिनावरच्या स्थिर काट्यासमोरचे पुलीवरचे आकडे बघा. लॅपटॉप सांगतोय, स्पार्क टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या, 10 डिग्री आधी पडतोय. काटा मात्र 16 दाखवतोय.

स्क्रीनवर दिसतो तो ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरने, दिलेला हुकूम. त्या क्षणी पिस्टन नेमका कुठे आहे, हे ईसीयूला फक्त क्रँकबरोबर फिरणाऱ्या ट्रिगर व्हीलच्या दातांवरून आणि आपण भरलेल्या ऑफसेटवरून, म्हणजे दात आणि टीडीसी यांच्यातल्या कोनावरून, कळतं. मूळ इंजिनात हा मेळ कारखान्यातच घातलेला असतो. ट्रिगर व्हील, डॅम्पर (क्रँकची कंपनं शोषणारी ही पुलीच) किंवा ईसीयू बदलला की तो नव्याने घालावा लागतो. आणि त्याची सुरुवात पान्ह्याने होते. लॅपटॉप तोवर मिटलेलाच बरा.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. चारही प्लग बाहेर, म्हणजे इंजिन हाताला हलकं लागतं. एक नंबरचा पिस्टन टीडीसीपासून बराच खाली नेऊन त्याच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप, म्हणजे पिस्टनला वाटेत अडवणारा दांडा, बसवला. आता क्रँकच्या बोल्टवर लांब दांड्याचा पान्हा. सावकाश फिरवायचं, पिस्टन स्टॉपला टेकेपर्यंत. टेकल्याचं हाताला कळतं, त्यापुढे जोर लावायचा नाही. स्टार्टरचं तर इथे नावही नको.

काट्यासमोर पुलीवर पहिली खूण केली. मग उलट्या दिशेने, पुन्हा टेकेपर्यंत. दुसरी खूण. दोन्हींमधलं अंतर कडेकडेने टेप लावून मोजलं: 62 मिलिमीटर. त्याचं अर्ध, 31 मिलिमीटरवर खरा टीडीसी.

(दृश्य: पुलीची कड, अगदी जवळून)

ही जुनी खाच, आणि ही आपली नवी रेघ. दोन्हींत जेमतेम तीन मिलिमीटर. पुलीचा व्यास 160 मिलिमीटर आहे, म्हणजे कडेवर एक डिग्री साधारण 1.4 मिलिमीटरची. त्या तीन मिलिमीटरांत दोन डिग्री गेल्या. खूण सरकण्याचं नेहमीचं कारण डॅम्परचं रबर. मधला हब आणि बाहेरची कडी यांना तेच धरून असतं. ते सैल झालं की कडी हबवर घसरते. म्हणून हब, रबर आणि कडी अशी तिन्हींवरून एक सरळ रंगाची रेघ ओढून ठेवायची. इंजिन चालवल्यावर ही रेघ तुटलेली दिसली, तर डॅम्पर बदलल्याशिवाय पुढचं काहीही करू नये.

स्टॉप काढून प्लग आणि बॅटरीची तार पुन्हा लावली. आता लाइट. क्लॅम्प एक नंबरच्या प्लग वायरवर, त्यावरचा बाण प्लगकडे. कॉइल थेट प्लगवर बसणारी असेल तर कॉइल आणि प्लगच्या मध्ये प्लग वायरचा जादा तुकडा जोडायचा. कॉइलच्या बारीक वायरींवर क्लॅम्प लावला तर काही लाइट कॉइल चार्ज व्हायला लागतानाच चमकतात. 1000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 6 डिग्री फिरतो. ड्वेल, म्हणजे कॉइल चार्ज होण्याचा वेळ, तीन मिलिसेकंद असेल तर 18 डिग्रींची चूक दिसते. वेस्टेड स्पार्क असेल, म्हणजे प्लगवर एका चक्रात दोनदा स्पार्क पडत असेल, तर अ‍ॅडव्हान्सचा (स्पार्क किती आधी पडतोय ते मोजणारा) डायल असलेली लाइट दुप्पट आकडा दाखवू शकते. आम्ही डायल शून्यावर ठेवून पुलीवर डिग्रीची पट्टी चिकटवली आहे. नजर काट्याच्या अगदी समोर; तिरकं पाहिलं तर एखाद-दोन डिग्री उगाच येतात.

ईसीयूत टायमिंग 10 वर फिक्स केलं. आता काटा 14 दाखवतोय. उरलेल्या चार डिग्री ऑफसेटच्या. ऑफसेट वाढवल्यावर टायमिंग पुढे जातं की मागे, हे सॉफ्टवेअरगणिक वेगळं, म्हणून एक डिग्री बदलून लाइटखाली पाहायचं आणि मग बाकीच्या. फरक बरोबर 6 किंवा 12 येत असेल तर आधी 60-2 व्हीलच्या दातांची मोजणी तपासावी. 60 दातांपैकी 2 गाळलेल्या या व्हीलवर एक दात 6 डिग्रींचा असतो. 36-1 व्हीलवर तो 10 चा.

काटा 10 वर आला. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि खरी चूक इथून पुढे असते.

(दृश्य: आरपीएम 4000 कडे, पुलीवरची रेघ हळूहळू सरकते)

टायमिंग फिक्स आहे, तरी 4000 ला काटा 7 वर. आरपीएमबरोबर सरकणारी चूक ऑफसेटने कधीच जात नाही. सर्किटमधला 50 मायक्रोसेकंदांचा उशीर 1000 ला 0.3 डिग्री असतो, 6000 ला 1.8. तीन डिग्री त्यामानाने फारच जास्त आहेत, म्हणून स्कोप (सिग्नलची लहर दाखवणारं यंत्र) लावला. व्हीलचे दात वाचणारा हा दोन वायरींचा चुंबकीय सेन्सर. गाळलेल्या दातांच्या जागी लहर कशी उलटी पडतेय पहा. वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत, त्यामुळे ईसीयू दाताच्या मध्यावरची खडी उतरण सोडून दोन दातांमधला क्षण पकडतोय, आणि तो वेगाबरोबर हलतो.

वायरींची अदलाबदल केली. आधीचा ऑफसेट आता बाद, तो पुन्हा लावला. रेघ सरकण्याऐवजी थरथरत असती तर सेन्सरचं अंतर, व्हीलचा वाकडेपणा आणि वायरीचं शिल्ड तपासावं लागलं असतं.

(दृश्य: रिंग लँड, म्हणजे दोन रिंगांमधली कड, तुटलेला पिस्टन)

टर्बो इंजिनात स्पार्क हव्यापेक्षा सहा डिग्री आधी पडला तर नॉकिंगने, म्हणजे इंधन आपोआप भडकून बसणाऱ्या दणक्यांनी, हे होऊ शकतं.

1000 ला 10. 4000 ला 10. ऑफसेट वहीत लिहून घेतला, ईसीयूत सेव्ह केला. टायमिंगचा तक्ता, म्हणजे मॅप, उघडण्याआधी फिक्स टायमिंग बंद केलं. ते चालू राहिलं तर मॅपमध्ये काहीही भरा, इंजिन 10 वरच चालत राहतं आणि एक्झॉस्ट तापत जातो.