मानेतली गाठ: कुठं, कशी, किती दिवसांची?

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात मे महिना लागला, की माझ्यासारख्या लहान मुलांच्या डॉक्टरकडे दोन तक्रारी हटकून वाढतात. तान्ह्या बाळाची टाळू आत गेली, ही एक. आणि चार-पाच वर्षांच्या पोराच्या मानेत मागच्या बाजूला गाठी आल्या, ही दुसरी. पहिल्या तक्रारीकडे घरचे जरा कानाडोळा करतात आणि दुसरीनं त्यांची झोप उडते. बहुतेक वेळा हे उलटं व्हायला हवं. म्हणून आज बाळाचं डोकं, मान आणि मानेतल्या गाठी आम्ही कशा तपासतो, ते सांगते. त्यातलं थोडं तुम्हाला घरीही बघता येईल.

आधी टाळू. कवटीची हाडं जन्मतः एकमेकांना जोडलेली नसतात. मेंदूला वाढायला जागा लागते, म्हणून मध्ये फटी राहतात. समोरची टाळू शंकरपाळ्याच्या आकाराची असते आणि साधारण नऊ ते अठरा महिन्यांत भरून येते. मागची लहान, तिकोनी. ती दोन-तीन महिन्यांतच मिटते. समोरची टाळू ठोक्यासरशी उडते, ते बघून पुष्कळ आया घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टाळू तपासायची ती बाळ शांत असताना आणि उभं धरून, म्हणजे मांडीवर बसवून. आडवं असलेल्या किंवा रडणाऱ्या बाळाची टाळू फुगलेली लागू शकते. बोटाची पेरं हलकेच टेकवायची, दाबायचं नाही. जराशी खोलगट लागली तर चालतं. पण खड्डा पडल्यासारखी आत गेली असेल, तोंड कोरडं असेल, रडताना डोळ्यांत पाणी नसेल आणि पाच-सहा तासांत लंगोट ओला झाला नसेल, तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय. पारा पंचेचाळीसच्या वर असताना, वरून दोन-चार जुलाब झाले, तर ही वेळ यायला एक दिवस पुरतो. अशा वेळी आजी वाटीत तेल घेऊन टाळू भरायला बसतात. भरा, तेलाला माझा विरोध नाही. पण तेलानं टाळू वर येत नाही. बाळाला वरचेवर अंगावर पाजा, जुलाब असतील तर ओआरएस कसं आणि किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि बाळ मलूल असेल तर संध्याकाळच्या ओपीडीची वाट बघत बसू नका.

याच्या उलट, ताप आहे, उलट्या आहेत, बाळ झोपाळू किंवा अति किरकिरं झालंय आणि शांत असतानाही टाळू टम्म फुगलेली आहे, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मेडिकल, मेयो ही नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं किंवा जवळचं जे मोठं हॉस्पिटल असेल ते गाठायचं. मेंदूज्वरात मान ताठ होते, हे तुम्ही ऐकलं असेल. मोठ्या मुलांत होते. वर्षा-दीड वर्षाच्या आतल्या बाळाची मान मऊच राहू शकते, तिथं टाळू ही महत्त्वाची खूण.

डोक्याचा घेर मोजायची टेप लोकांना फार किरकोळ गोष्ट वाटते. कपाळावर भुवयांच्या जरा वर आणि मागे डोक्याचा सगळ्यात बाहेर आलेला भाग, असा वेढा घ्यायचा. जन्मतः घेर साधारण 33 ते 35 सेंटिमीटर असतो आणि पहिल्या वर्षात बारा-एक सेंटिमीटरनं वाढतो. त्यातली निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. एकट्या आकड्याला अर्थ नसतो. दर भेटीचा आकडा तक्त्यावर मांडला की रेघ दिसते. रेघ एकदम वर चढली तर डोक्यात पाणी साठतंय का ते बघतो, आणि सपाट झाली तर मेंदूची वाढ खुंटली का, किंवा फटी वेळेआधी मिटल्या का ते बघतो. डोकं मोठं, पण बाळ हसतंय, खेळतंय, मान धरतंय, असं असेल तर मी बाबांच्या डोक्यालाही टेप लावते. बाबा लाजतात. पण पुष्कळदा उत्तर तिथंच सापडतं.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी आणि मालिशवाल्या बाईंचा दाब, हे दोन्ही मला पटत नाही. तान्ह्या बाळाला उशी नकोच, श्वास कोंडण्याचा धोका असतो. झोपवताना उताणंच झोपवा. फक्त तोंड रोज एकाच बाजूला राहणार नाही एवढं बघा. जागं असताना आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथं ठेवा. मागचा चपटेपणा बहुतेक मुलांत हळूहळू कमी होतो.

आता मान. बाळाची मान असते आखूड, हनुवटीखाली घड्या, त्यात पावडर आणि घामोळ्या. म्हणून पाठीखाली हात घालून खांदे जरा उचलायचे, म्हणजे डोकं अलगद मागे जातं आणि मान मोकळी होते. दोन-चार आठवड्यांच्या बाळाच्या मानेत एका बाजूला टणक गोळी लागली, डोकं त्या बाजूला कललेलं आणि हनुवटी दुसऱ्या बाजूला वळलेली असली, तर तो बहुधा आखडलेला स्नायू असतो. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेऊन आईनं ते रोज केले, तर बहुतेक बाळांची मान सुटते. मात्र लवकर सुरू करायला हवं. मोठ्या मुलाच्या गळ्यावर अगदी मधोमध गोळी असेल तर आम्ही जीभ बाहेर काढायला सांगतो. जिभेबरोबर गोळी वर सरकली, तर ती जन्मजात राहिलेल्या नळीतली पाण्याची गाठ. तिचं पुढं ऑपरेशन करावं लागतं, पण ती कॅन्सरची गाठ नव्हे.

आणि आता त्या गाठी, ज्यांच्यामुळे घरात जेवण जात नाही.

परवा एक आई आली. मुलगा पाच वर्षांचा, खुर्चीवर बसून टेबलावरचा माझा टॉर्च पळवायच्या बेतात. आईच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट, त्यात मानेच्या दोन्ही बाजूंना एक सेंटिमीटरपेक्षा लहान अनेक लसिकाग्रंथी, म्हणजे जंतू अडवणाऱ्या छोट्या गाठी, दिसल्याचं लिहिलेलं. बाईंनी तो मोबाइलवर शोधला होता आणि पार खचून गेल्या होत्या. मी मुलाची मान बघण्याआधी त्याचे केस बाजूला केले. कानामागे लिखा, मानेच्या केसांत खाजवून पडलेल्या खपल्या, आणि त्याखाली दोन्हीकडे तुरीच्या दाण्याएवढ्या, बोटाखाली सटकणाऱ्या चार-पाच गाठी. पोराला उवा झाल्या होत्या. रिपोर्टमध्ये काही चुकीचं नव्हतं. पण सोनोग्राफीच्या मशीनला उवा दिसत नाहीत.

लसिकाग्रंथी प्रत्येकाला असतात, आणि चार ते आठ वर्षांच्या वयात त्या सगळ्यात भरात असतात, कारण या वयात शरीराला रोज नव्या जंतूंशी सामना करावा लागतो. प्रत्येक ग्रंथीचा आपापला इलाखा ठरलेला असतो. डोक्याच्या मागच्या ग्रंथी केसांखालच्या त्वचेकडे बघतात, म्हणजे उवा, कोंडा, उन्हाळ्यातली गळवं. कानाच्या पुढची डोळ्यांकडे. जबड्याच्या कोपऱ्याखालची टॉन्सिलकडे, हनुवटीखालची किडलेल्या दातांकडे. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. मानेतही तेच घडतं. म्हणून गाठ सापडली की आम्ही गाठीपाशी थांबत नाही. तिच्या इलाख्यात काय बिघडलंय ते शोधतो. घसा मात्र शेवटी बघायचा. चमचा आधी तोंडात घातला, तर पुढची तपासणी रडारडीत जाते.

तपासताना मूल आईच्या मांडीवर, तोंड आमच्याकडे. हात धुतलेले आणि कोमट, कारण एसीत गार पडलेली बोटं मानेला लागली की मूल खांदे उचलून मान लपवतं. हनुवटी किंचित खाली, म्हणजे स्नायू सैल पडतात. मग दोन्ही हातांची पेरं दोन्ही बाजूंनी एकदमच, गोल-गोल फिरवत: कानापुढून कानामागे, जबड्याखाली, मानेच्या कडेनं खाली, आणि शेवटी गळपट्टीच्या (कॉलरच्या) हाडावरच्या खळग्यात. बोटं पाच गोष्टी विचारतात. किती मोठी? मऊ की टणक? सरकते की चिकटलेली? दुखते का? सुटी की एकमेकींना जखडलेली? मानेत एक सेंटिमीटरपर्यंतची, मऊ, सरकणारी, न दुखणारी गाठ खेळत्या-खात्या मुलात असायचीच. सर्दी गेल्यावरही ती महिनाभर लागू शकते.

गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यातली गाठ मात्र कितीही लहान असली तरी मी सोडत नाही. तिचा इलाखा छाती आणि पोट, तिथलं काही आपल्याला बाहेरून दिसत नाही. दोन सेंटिमीटरच्या वर गेलेली, वाढत राहणारी, रबरासारखी टणक किंवा खाली चिकटलेली गाठही तशीच. सोबत बरेच दिवसांचा ताप, वजन घटणं, मूल पांढरं पडणं, अंगावर मार न लागता काळे-निळे डाग, हातपाय दुखतात म्हणून रात्री रडणं, असं असेल तर आम्ही काखा, जांघा आणि पोटही तपासतो. यकृत आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय का ते बघतो. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळेही मुलं पांढरी पडतात आणि पानथरी हाताला लागते, तेही ध्यानात ठेवावं लागतं. अशा मुलाला रक्ताची तपासणी होण्याआधी सूज उतरवायला म्हणून स्टेरॉइडचे डोस देऊ नयेत. रक्ताच्या कॅन्सरच्या गाठी स्टेरॉइडनं तात्पुरत्या विरघळतात, सगळे खूश होतात, आणि निदान लांबतं.

गंडमाळा, म्हणजे मानेतला टीबी, आपल्याकडे अजून आहे. त्या गाठी हळू वाढतात, फारशा दुखत नाहीत, एकमेकींना चिकटतात, पुढं मऊ पडतात आणि फुटून वाहतात. दोन आठवड्यांच्या साध्या औषधानं गाठ उतरली नाही, किंवा घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल, तर सुईनं पेशी काढून तपासणी करतो. सुई लावली की रोग पसरतो, असं चारचौघांत बोललं जातं. तसं होत नाही. औषध साधारण सहा महिने, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या मोफत. मध्येच गाठ उतरली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

तान्ह्या बाळाच्या डाव्या काखेतली गाठ ही वेगळी. बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात, तिची प्रतिक्रिया म्हणून काही बाळांना तिथं गाठ येते. दुखत नसेल, लाल नसेल, पिकत नसेल तर ती आपणहून जिरते. दाखवून मात्र ठेवा. आणि गालफुगी ही या गाठींपैकी नव्हे. तिच्यात सूज कानाच्या पाळीखाली येते, पाळी वर उचलली जाते, जबड्याचा कोपरा हाताला लागेनासा होतो.

घरी एक पथ्य पाळा. गाठ रोज चाचपू नका. दिवसातून चार वेळा आई, मग आत्या, मग शेजारच्या काकू दाबून बघतात, त्यानं ती दुखायला लागते आणि सुजतेही. बिब्बा लावू नका, कातडी भाजते; मानेवरचे ते काळे व्रण पुढं वर्षानुवर्षं राहतात. गाठ ज्या दिवशी पहिल्यांदा लागली ती तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि पंधरा दिवसांनी एकदाच बघा.

दाखवायला याल तेव्हा लसीकरणाचं कार्ड आणा, चालू असलेल्या औषधांच्या पट्ट्या आणा. गळ्यातला काळा दोरा, ताईत, चेन तेवढ्यापुरती काढून ठेवा, तेल-पावडर लावू नका. आणि दुचाकीवरून येताना बांधलेला तो मोठा रुमाल सोडून, मुलाला दोन मिनिटं कूलरसमोर बसवून मगच आत आणा.

नमस्कार.