तरी सर्वांनी नोंद घ्यावी

(दृश्य: लिफ्टशेजारचा काचेचा सूचना फलक. आत एकावर एक चिकटवलेले कागद. कॅमेरा एका कागदावर स्थिरावतो.)

'सर्वांस कळविण्यात येते की, मयत सभासदांनी आपले नॉमिनेशन फॉर्म तीन प्रतींत भरून कार्यालयात त्वरित जमा करावेत. मुदतीनंतर आलेल्या मयत सभासदांचा विचार केला जाणार नाही.'

खाली संस्थेचा गोल शिक्का, मानद सचिवांची सही. सहीच्या बाजूला कुणीतरी बॉलपेनने लिहिलंय, 'वर झेरॉक्स मिळत नाही.'

ठाणे, कल्याण, डोंबिवली. स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावरच्या कुठल्याही सोसायटीत शिरा, असा फलक भेटतोच. बी विंगचा पाहा. 'लिफ्ट बंद असताना लिफ्टने जाऊ नये.' शेजारी, 'लहान मुलांनी लिफ्टमध्ये एकट्याने खेळू नये.' म्हणजे चौघं जमली की हरकत नाही, आणि बी विंगच्या पोरांनी तो अर्थ बरोब्बर उचललाय.

(दृश्य: लिफ्टचं दार उघडतं, आत पाच मुलं. दार बंद होतं.)

हा पिवळा पडलेला कागद जरा सावकाश वाचा. 'कुत्री मोकळी सोडणाऱ्या सभासदांना साखळीने बांधून ठेवावे.'

(दृश्य: जेवणाचं टेबल. एक हात पावतीच्या पाठीवर लिहितोय.)

हे लिहिणारा माणूस सकाळच्या लोकलने फोर्टला जातो, रात्री नऊला घरी येतो आणि जेवण झालं की सोसायटीची फाइल उघडतो. पगार नाही. तीन वर्षांमागे सभेत कुणीच हात वर करेना, तेव्हा पाणी प्यायला उठले आणि सेक्रेटरी झाले, असं त्यांच्या पत्नी सांगतात. मराठी त्यांची उत्तम आहे. फोनवर भावाला टाकीबद्दल सांगताना ऐका, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. पण कागद पुढ्यात आला की हात फाइलीकडे जातो. फाइलीत आधीच्या सेक्रेटरींच्या सूचना, त्याखाली त्यांच्याही आधीच्यांच्या. 'कळविण्यात येते की', 'दक्षता घेण्यात यावी', 'अन्यथा कारवाई करण्यात येईल'. कोण कळवतंय, कोण कारवाई करणार, ते एकाही कागदावर सापडत नाही. शेजाऱ्याच्याच विरोधात लिहायचं आणि सकाळी जिन्यात त्यालाच नमस्कार करायचा, तर कर्ता गाळलेलाच बरा!

(दृश्य: कच्चा मसुदा, अगदी जवळून. तीन रंगांची शाई.)

आता हा मसुदा. निळ्या शाईत सेक्रेटरी: 'रविवारी सकाळी ९ वाजता गच्चीवरील टाकी धुण्यात येणार आहे.' लाल शाईत चेअरमन: 'भाषा कडक करा.' आणि समासात पेन्सिलीने खजिनदार: 'थकबाकीदारसुद्धा घ्या.' या सूचनेतच मेंटेनन्सची आठवण करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी बाण काढला, तो 'टाकी'पाशी येऊन थांबला. ऑफिसातल्या क्लार्कने बाणाचा मान राखला, क्रियापदही नीट बदललं. फलकावर लागलं ते असं: 'रविवारी सकाळी ९ वाजता गच्चीवरील टाकी व थकबाकीदार कडकपणे धुण्यात येणार आहेत.'

(दृश्य: रविवार. गच्ची. टाकीत उतरलेला कामगार, कठड्याशी हसत उभे तिघे-चौघे.)

कुत्र्याच्या सूचनेवरून मात्र दोन घरांचं बोलणं बंद आहे आणि एक तक्रार उपनिबंधक कार्यालयात पोचली आहे.

(दृश्य: समोरासमोरचे दोन बंद दरवाजे. निवेदन नाही.)

सगळं खापर सेक्रेटरींवर फोडू नका. सहकार कायदा १९६० सालचा. त्यानुसार वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, सांगतात, पूर्ण १४ दिवस आधी सूचना द्या. गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश सभासदांची किंवा २० जणांची, यातली जी कमी असेल ती. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभा त्याच दिवशी उशिरा घेतली तरी चालते. तिला गणपूर्ती लागत नाही. म्हणून सूचनेत आधीच छापलेलं असतं: सभा १० वाजता, गणपूर्तीअभावी तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी १०.३० वाजता. सभासद हुशार. सगळे साडेदहालाच येतात.

(दृश्य: रिकाम्या प्लास्टिक खुर्च्या. घड्याळात दहा. चहाचा थर्मास.)

यंदा कमिटीची निवडणूकही आहे. सेक्रेटरींनी पुन्हा उभं राहणार नाही असं लेखी दिलंय. दुसरा अर्ज अजून आलेला नाही. सभेची सूचना परवा लागली, तिची शेवटची ओळ:

'सभेस कोणीही हजर न राहिल्यास, हजर असलेल्यांनी घेतलेला निर्णय सर्वांवर बंधनकारक राहील.'