मेंढा वाटेत मेला, तर नवस फिटला का?

समजा, दोन हजार वर्षांपूर्वी दोघं ज्यू जेरुसलेमच्या मंदिराकडे निघालेत. दोघांकडे एकेक मेंढा. वाटेत दोन्ही मेंढे दगावले. एक जण मोकळा झाला, दुसऱ्याला मात्र नवा मेंढा आणणं भाग होतं. असं का?

कारण दोघं काय बोलून बसले होते, ते बघा. पहिला म्हणाला होता, 'हा मेंढा देवाला.' हे खुशीचं अर्पण, हिब्रूत नेदावा. दुसरा म्हणाला होता, 'माझ्याकडे एक मेंढा लागू.' हा नवस, नेदेर. पहिल्याचा शब्द त्या जनावराला चिकटला, दुसऱ्याचा स्वतःच्याच मानगुटीला! इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या संग्रहात, हा फरक नोंदलाय. आपणही नवस 'फेडतो'च की, कर्जासारखा.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात तर आणखी गंमत आहे. एखादा अवयव जास्त लांब किंवा आखूड असलेलं जनावर खुशीचं म्हणून चालतं, नवसाला चालत नाही. मला हे फार व्यवहारी वाटतं. आपणहून देताय ना, मग थोडं उन्नीस-बीस चालेल. कबूल केलंय? मग माल चोख हवा.

आता मटणाचं. ही अर्पणं बहुतेकदा शांत्यर्पणं असायची: चरबी वेदीवर, छाती आणि उजवी मांडी याजकांना, बाकीचं घरच्यांनी खायचं. उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानायला दिलेल्या अर्पणाचं, मांस त्याच दिवशी संपवायचं, नवसाचं आणि खुशीचं दुसऱ्या दिवसापर्यंत चालायचं. तिसऱ्या दिवशी उरलेलं जाळायचं. बायबलमधल्याच नीतिसूत्रांच्या ७व्या अध्यायात एक बाई तरुणाला भुलवताना सांगते, 'आज मी माझे नवस फेडलेत.' देवभक्ती वगैरे ठीक, पण तिचा निरोप असा, की घरी मटण आहे आणि ते लवकर संपवायचंय!

नवस बोलायलाच हवा, असंही नाही हं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २३वा अध्याय स्पष्ट सांगतो: बोललास तर फेडायला उशीर करू नकोस, नाही बोललास तर पाप नाही.

इ.स. ७०मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि हे पशुबळी थांबले. पण आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे आजही नवस फिटला की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा होतो. मेंढा नाही, गोड पोहे, खोबरं आणि फळं.