सोळा सोंगट्यांचा पट

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय राहत नाही. अशा वेळी घरातल्या शहाबादी फरशीवर खडूनं आखून खेळायचा हा पट. कागद-पेन्सिल जवळ असेल तर ऐकता ऐकता आखत चला.

आधी ४० सेंटिमीटर बाजूचा चौकोन काढा. दर १० सेंटिमीटरवर रेघा ओढा, म्हणजे कडा धरून पाच आडव्या आणि पाच उभ्या होतील. समोरासमोरचे कोपरे दोन तिरप्या रेघांनी जोडा. मग चारही बाजूंचे मध्य एकमेकांना जोडा, की आत शंकरपाळ्याचा आकार दिसेल. तिरप्या रेघा एवढ्याच! बहुतेकांचं चुकतं ते इथे. हौसेनं प्रत्येक चौकटीत फुली मारली, तर सगळा डाव बिघडतो. सोळाही चौकटींत एकेकच तिरपी रेघ आली आहे ना, हे मोजून बघा.

आता दोन्ही खेळाडूंच्या बाजूला एकेक त्रिकोण. बाजूच्या मध्यातून शंकरपाळ्याच्या दोन्ही रेघा आणि मधली उभी रेघ तशाच सरळ बाहेर वाढवा. चौकोनापासून १० आणि २० सेंटिमीटर अंतरावर दोन आडव्या रेघांनी त्या जोडा. रेघा जिथे मिळतात ते घर. चौकोनात २५, त्रिकोणांत सहा-सहा, अशी ३७ घरं झाली.

एकानं १६ चिंचोके घ्यावेत, दुसऱ्यानं १६ पांढरे खडे. आपला त्रिकोण आणि चौकोनातल्या आपल्याकडच्या दोन ओळी भरायच्या. मधली पाच घरं रिकामी राहतात. स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या १२८३ सालच्या खेळांच्या ग्रंथातही असाच चौकोन आहे, फक्त त्रिकोणांशिवाय आणि बारा-बारा सोंगट्यांचा.

सोंगटी रेघेवरून एक घर सरकते, पुढे, मागे, आडवी, कशीही. शेजारी दुसऱ्याची सोंगटी आणि त्याच सरळ रेघेत तिच्या पलीकडचं घर रिकामं असेल, तर उडी मारून ती उचलायची. तिथून पुन्हा मारता येत असेल तर त्याच चालीत पुढची उडी. इथे वजीर होणं वगैरे काही नाही. मारणं सक्तीचं की मर्जीचं, हे मात्र डावाआधीच ठरवा. सक्ती ठेवलेली बरी, कारण मग आमिष दाखवून समोरच्याला ओढता येतं, आणि खरी गंमत त्यातच आहे.

पहिली चाल फार जपून करा. सोंगटी सरळ पुढे टाकली की तिचं जुनं घर रिकामं होतं आणि समोरचा नेमका तिथेच उडी मारतो. तुम्ही मागच्या ओळीतून त्याला परत मारता, हिशेब एकास एक होतो, पण तुमच्या मागे भोक पडतं. धोका नसलेल्या चाली फक्त दोन आहेत. तुमच्या पुढच्या ओळीतली डावीकडून दुसरी सोंगटी तिरपी डाव्या कडेला न्यायची, नाहीतर चौथी उजव्या कडेला. पलीकडे उतरायला रिकामं घरच नसल्यानं तिला कुणी मारू शकत नाही.

त्रिकोणातल्या सहा सोंगट्या विसरू नका. त्यांना बाहेर पडायला एकच दार, त्रिकोण चौकोनाला टेकतो ते घर. तिथून चार रेघा आरपार जातात, म्हणून चारही दिशांनी मार बसू शकतो. त्रिकोण रिकामा करताना दारामागची तीन घरं शेवटी सोडा. ती भरलेली असली की चारपैकी तीन रेघा आपोआप बंद होतात. उरते ती आडवी, तिथे दाराच्या एका शेजारी आपली सोंगटी असली तरी पुरे.

चौकोनाचे चार कोपरे आणि त्रिकोणांची बाहेरची चार टोकं, या आठ घरांत सोंगटी कधीच मरत नाही, कारण रेघ तिथे संपते. शेवटी दोन-तीन सोंगट्या उरल्या की हरणारा तिथे जाऊन बसतो आणि डाव लांबत जातो. म्हणून सलग वीस चालींत कुणीच मेलं नाही तर ज्याच्या सोंगट्या जास्त तो जिंकला, असं आधीच ठरवून घ्या.