खाऱ्या वाऱ्यातली फियाट

(दृश्य : देवबाग, पहाट. माडांच्या रांगेतून दिसणारं गाडीचं नाक.)

तारकर्लीहून देवबागकडे निघालं की उजव्या हाताला अरबी समुद्र असतो आणि डाव्या हाताला कर्लीची खाडी. रस्ता पुढे जातो तशी मधली वाळूची पट्टी निमुळती होत जाते. शेवटच्या घरांना तर पुढच्या दारी समुद्र ऐकू येतो आणि मागच्या दारी खाडी दिसते. अशाच एका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ही गाडी उभी आहे. प्रीमियर पद्मिनी, १९७५ सालची. गावात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात फियाट.

लोखंडाला राहायला याहून वाईट जागा कोकणात शोधून सापडायची नाही.

(दृश्य : मडगार्डची कड, अगदी जवळून. अंगठ्याने दाबल्यावर रंगाचा पापुद्रा सुटतो. खाली तांबूस भुगा.)

मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर बसलेला मिठाचा कण आपोआप विरघळतो आणि त्या सूक्ष्म थेंबाखाली गंज सुरू होतो. त्यासाठी पाऊस पडावा लागत नाही. उलट पावसाने वरचा रंग निदान धुऊन तरी निघतो. मडगार्डच्या आत, दाराच्या तळाशी, दाराखालच्या बंद पेटीत जे मीठ साचतं, तिथवर पाऊस पोहोचतच नाही. गाडी बाहेरून चकाकत असते आणि आतून रोज थोडी थोडी खाल्ली जात असते.

(दृश्य : किनाऱ्यावर ओढलेली होडी, वर माडाच्या झावळ्यांचे झाप. कॅमेरा वळतो. शेजारी तसल्याच झापांचं छप्पर, खाली गाडी.)

पूर्वी पावसाळ्यात या गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री बांधायचे. घट्ट, चारही बाजूंनी. चार महिन्यांनी ताडपत्री काढली की आतून पाणी गळायचं. मग गाडीच्या मालकांनी शेजारी पाहिलं. होडी शाकारताना कोळी तिला कोंडत नाहीत. वरून पाऊस अडवायचा आणि बाजूने वारा खेळू द्यायचा. आता गाडीवरही झापांचं उंच छप्पर असतं आणि अंगावर जुनी सुती चादर. अशा एका बदलाने गाडीचं आयुष्य किती वाढतं, हे गावोगावी ताडपत्रीखाली सडणाऱ्या गाड्या पाहिल्या की कळतं.

(दृश्य : जुना कृष्णधवल फोटो. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले गृहस्थ.)

हे मालकांचे वडील. मुंबईतली नोकरी संपवून गावी आले ते या गाडीतून. त्या काळी चाकरमान्याने स्वतःची गाडी चालवत गावात यावं, ही गोष्ट वाडीत वर्षभर बोलली जायची.

गाडी मुंबईतच जन्मलेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट ११०० या गाडीची भारतीय आवृत्ती तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. चार सिलिंडर, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. हीच गाडी काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईभर फिरली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर दिसत नाही. खाजगी मालकांकडे ज्या उरल्या, त्या उरल्या.

(दृश्य : कुडाळच्या वाटेवर टेम्पोच्या हौद्यात बांधलेली गाडी. धामापूरचा तलाव मागे सरकतो.)

दिवाळी झाली. पाऊस गेला, भातं कापून झाली, आकाश निवळलं. कोकणात गाडीला हात लावायचा तो आता, दिवाळी ते शिमगा. थंडी म्हणावी तर रात्री अंगावर चादर घ्यावी एवढीच. पण हवा कोरडी होते. रंगाला, वेल्डिंगला, लांबीला (पत्र्यावरचे खड्डे भरायच्या लगद्याला) जे हवं असतं, ते हेच.

चौके, धामापूर, नेरूर करत गाडी कुडाळजवळच्या एका ग्यारेजात आली. समुद्रापासून दूर. उघडा केलेला पत्रा खाऱ्या वाऱ्यात ठेवला तर एका रात्रीत त्यावर तांबूस साय चढते, म्हणून मेस्त्रींनी पहिली अट हीच घातली : गाडी इकडे आणा, मी तिकडे येणार नाही.

(दृश्य : सुटी होत जाणारी गाडी. सीट, पायाखालचं जाजम, दारं, दिवे. भिंतीलगत श्रीखंडाचे रिकामे डबे, प्रत्येकावर खडूने लिहिलेलं नाव.)

पहिले चार दिवस फक्त उघडणं. प्रत्येक नट, प्रत्येक क्लिप डब्यात जाते. ‘डावं पुढचं दार’, ‘डिकी’, ‘वायपर’. या गाडीचे सुटे भाग दुकानात सहज मिळत नाहीत, त्यामुळे वाकलेला स्क्रूसुद्धा टाकायचा नाही.

जाजमाखालची वाकळ काढली आणि सगळे थांबले. तिथून जमीन दिसत होती.

(दृश्य : तळाच्या पत्र्यातलं भोक. भोकातून दिसणारी तांबडी माती. काही क्षण फक्त ग्यारेजातले आवाज.)

(दृश्य : मेस्त्री छोट्या हातोडीने पत्रा ठोकत पुढे सरकतात. ठण, ठण, ठण, थप.)

मेस्त्री म्हणतात, “पत्रो बोलता. ऐकूक येवक व्हया.”

निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. गंजलेला किंवा लांबी भरलेला पत्रा बद्द वाजतो. जिथे आवाज बदलला, तिथे खडूची खूण. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवतात. लांबीवर चुंबक धरत नाही. संध्याकाळपर्यंत गाडीभर खडूच्या खुणा झाल्या. डाव्या मागच्या मडगार्डवर बोटाएवढ्या जाडीची लांबी निघाली. कुणीतरी, कधीतरी, गंज तसाच ठेवून वरून सारवलं होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण कोकणातल्या जुन्या गाड्या मरतात त्या याच कामामुळे. लांबी हे फार तर उथळ खड्डा समतल करायचं साधन आहे. गंजाचं भोक बुजवायला ती नाही. ती ओल शोषून घेते आणि पत्र्याशी धरून ठेवते. वरून रंग मारला की दोन पावसाळे बरे जातात. तिसऱ्या पावसाळ्यात फोड येतो, आणि तोवर आतला पत्रा गेलेला असतो.

पद्मिनीच्या बाबतीत तर हा खेळ धोक्याचा आहे. जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, हिला नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पेट्या, खांब आणि छप्पर मिळूनच हिचा सांगाडा होतो. दाराखालची पेटी गंजली म्हणजे गाडीचा कणा गंजला.

(दृश्य : दाराच्या चौकटीत आडवा वेल्ड केलेला लोखंडी अँगल. ग्राइंडरच्या ठिणग्या, अंधारात.)

म्हणून कापायच्या आधी चौकटीत अँगल बांधतात. नाही तर पेटी कापली की गाडी मधेच वाकते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. मग ग्राइंडर चालतो. गंज जिथे संपतो तिथे थांबायचं नाही, त्याच्या पुढे दोन बोटं, स्वच्छ चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं.

नवा पत्रा २० गेज जाडीचा. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतात, तो जागेवर धरून बघतात, मग पत्र्यावर आखतात. गोलाई यंत्राने येत नाही. वाळूने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोड्याने ठोकत ठोकत वळवायचा. आमच्या कॅमेऱ्यासमोर मडगार्डचा एक तुकडा अठ्ठावीस वेळा गाडीला लावून पाहिला गेला. एकोणतिसाव्या वेळी बसला.

(दृश्य : हाताचा तळवा पत्र्यावरून फिरतो. डोळे मिटलेले.)

वेल्डिंगही सलग ओढत नाहीत. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, तिसरा पुन्हा अलीकडे. एकाच जागी उष्णता साचली की पत्रा फुगतो. शेवटी तळव्याने चाचपून बघायचं. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला कळतो. मेस्त्रींनी हे काम त्यांच्या वडिलांच्या हाताखाली शिकलं. त्यांच्या ग्यारेजात आज शिकायला एकच मुलगा आहे.

(दृश्य : सकाळ. ग्यारेजामागे मोहोर आलेला आंबा. एक वाळकं पान पश्चिमेकडे उडत जातं.)

जानेवारी. आता रंग.

रंगाची वेळ घड्याळावर ठरत नाही, वाऱ्यावर ठरते. रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते. ती कोरडी असते. दुपारी वारा फिरतो आणि समुद्राकडून खारं वारं आत येतं, ओल आणि मीठ घेऊन. पहाटे रंगवावं तर दव. म्हणजे ऊन चढून दव उडाल्यापासून वारा फिरेपर्यंत जे दोन-तीन तास मिळतात, तेवढेच रंगाचे. दमट हवेत रंग मारला तर त्यातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि रंगाला पांढुरकी झाक येते. मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून.

कॉम्प्रेसरच्या टाकीतही पाणी साठतं. पेंटर रोज सकाळी खालची चावी उघडून ते आधी सोडून देतो. बघा किती निघतं.

(दृश्य : टाकीच्या चावीतून फसफसत येणारं पाणी.)

खाली जुन्या पद्धतीचा रेड ऑक्साइड मारलेला नाही. तो सच्छिद्र असतो, ओल आत जाऊ देतो. इथे दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर आहे. त्यावर वॉटर पेपर, मग पुन्हा प्रायमर, पुन्हा पेपर. मूळ रंग कोणता, हा वाद घरात तीन पिढ्यांचा होता. मालकांच्या आई म्हणायच्या दुधी, मालकांचा मुलगा म्हणायचा राखाडी. उत्तर डॅशबोर्डच्या आत सापडलं, जिथे पन्नास वर्षांत ऊन पोहोचलं नव्हतं.

(दृश्य : डॅशबोर्डमागचा हातभर पत्रा. फिकट आकाशी. मालक बराच वेळ काही बोलत नाहीत.)

(दृश्य : स्प्रे गन. आकाशी रंगाचा पहिला हात.)

(दृश्य : वायरिंग. पितळी टर्मिनल पॉलिश पेपरने घासणारे हात.)

आता काही गोष्टी मुद्दाम नव्या केल्या. किनाऱ्यावर गाडीची विजेची दुखणी बहुतेक अर्थिंगमध्ये असतात. वायर चांगली असते, पण ती बॉडीला जिथे टेकते तिथे गंज असतो आणि दिवा मंद जळतो. म्हणून प्रत्येक अर्थिंग सोडवून, घासून, व्हॅसलीन लावून पुन्हा आवळलं. हेडलाइटला रिले, म्हणजे दिव्याला बॅटरीची वीज थेट देणारे स्विच, बसवले. वीज तयार करणाऱ्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. जुना डायनामो आणि जुना डिस्ट्रिब्युटर डब्यात जपून ठेवले आहेत. उद्या कुणाला गाडी होती तशी करायची असेल, तर करता येईल. पुढच्या सीटला पट्टे लागले. ब्रेकचे चारही ड्रम उघडून व्हील सिलिंडर बदलले, तेलही बदललं, कारण ब्रेकचं तेलसुद्धा हवेतलं पाणी पितं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि ते जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा नवा.

इंजिन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जाऊन आलं. बोअरिंग, व्हॉल्व्ह, बेअरिंग, सगळं झालं.

सीटमध्ये फोम भरा असं अनेकांनी सुचवलं. आत काथ्याच होता, काथ्याच भरला. तो इथलाच आहे.

खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त झाला. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमाने विंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. मालकांना बाजारात जायचं आहे, त्यामुळे त्यांनी नेहमीचं फिटनेस करून घेतलं.

(दृश्य : दाराखालच्या पेटीच्या भोकात घातलेली बारीक नळी. आतून गळणारं मेण.)

शेवटचं काम कुणाला दिसणार नाही. आम्हीही ते एका भोकातूनच टिपलं. प्रत्येक बंद पेटीत, दाराच्या पोकळीत, खांबांच्या आत पातळ मेण फवारलं. पाणी निघून जायची भोकं तारेने मोकळी केली. ही भोकं बुजली की सगळी मेहनत वाया.

(दृश्य : आंगणेवाडीच्या कमानीकडे जाणारी गर्दी. गर्दीत एक आकाशी टप.)

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. देवीच्या कौलाने दिवस ठरतो. त्यामुळे ग्यारेजात सगळा हिवाळा कुणालाच माहीत नव्हतं की हातात नक्की किती दिवस आहेत. दिवस जाहीर झाला तेव्हा पुढचा बंपर अजून क्रोमिंगहून यायचा होता.

(दृश्य : मागच्या सीटवर आई. खिडकीची काच खाली. निवेदन नाही. फक्त इंजिनाचा आवाज.)

(दृश्य : रात्र. देवबागचं खळं. कंदिलाएवढ्या बल्बखाली गाडी.)

जत्रेहून परतायला रात्र झाली. सगळे घरात गेले. मालकांनी विहिरीचा पंप चालू केला, पाइप ओढत आणला आणि गाडीखाली वाकले. आधी मडगार्डच्या आत, मग दाराखाली, मग चाकांच्या मागे. गोडं पाणी, खालून वर. दर वेळी, बाहेरून आल्यावर.

(दृश्य : खळ्यातल्या वाळूत मुरत जाणारं तांबूस पाणी.)