बुजरं कुत्रं घरी येतं तेव्हा

मंडळी, रस्त्यावरून सोडवलेलं कुत्रं पाळायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी विचारतंच, "चावणार नाही ना?" बुजऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आधी विचारायला हवं, पळणार नाही ना? पहिल्या काही आठवड्यांत त्याला तुमचं घर आपलं वाटत नसतं. म्हणून सुरुवात दारापासून करू.

सोलापूरच्या उन्हाळ्यात दारं सताड उघडी असतात, ती सवय मोडावी लागेल. कुत्रं ज्या खोलीत आहे तिचं दार आधी लावायचं, मगच बाहेरचं उघडायचं. हे दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांसाठी. फाटकाच्या गजांतून त्याचं डोकं जात असेल तर बाकीचं अंगही बहुधा जातंच. जाळी बांधून घ्या.

बाहेर नेताना नुसता गळपट्टा पुरत नाही. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, मागे सरतं, मान खाली घालतं आणि पट्टा कानांवरून निसटतो. अंगात घट्ट बसणारा हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना वेगळी दोरी लावा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नकोत. आपोआप गुंडाळणारी दोरी मात्र घेऊच नका. तिची मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे लागते आणि ते जिवाच्या आकांतानं पळत सुटतं.

घरात त्याला वर्दळ नसलेला एक कोपरा द्या. टेबलावरून चादर सोडली तरी आडोसा होतो. पहिले तीन दिवस आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, उचलून घेणं नाही. आल्या आल्या साबण लावून धुण्याचा उत्साह फार दिसतो, तो आवरा. दोन वेळा ठरल्या वेळी खाणं ठेवून निघून जायचं. रात्रीच खात असेल तरी चालेल. मोठं कुत्रं दिवसभरात काहीच खात नसेल, किंवा मलूल दिसत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पिल्लाच्या बाबतीत एवढंही थांबू नका.

जवळीक साधायची ती खाण्यातून, पण इथे एक गफलत होते. तळहातावर तुकडा धरून त्याला बोलावलं, तर भुकेपोटी ते येतं, तुकडा संपतो आणि आपण माणसाच्या फार जवळ आलोय हे त्याच्या लक्षात येतं. तेव्हाच दचकून दात लागतात. त्यापेक्षा जमिनीवर तिरकं बसा, डोळ्यांत पाहू नका आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्या मागे टाका. खायला ते लांब जातं, मग स्वतःहून परत वळतं. ओठ चाटणं, भूक-झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, यांतलं काही दिसलं की थांबा. गुरगुरण्यावर ओरडू नका. ओरडा खाल्लेलं कुत्रं इशारा द्यायचं सोडतं आणि थेट चावतं.

आहारात भाकरी, भात, अंडं, चिकन चालतं. शेंगाचटणी नको, तिच्यात लसूण असतो. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-बेदाणे तर अजिबात नकोत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, मे महिन्यात त्याहून जास्त. नळाला रोज पाणी येत नसेल, तर त्याचाही वाटा भरून ठेवा.

रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढचा डोस वर्षानं. नसबंदी डॉक्टर सांगतील तेव्हा. गोचिडांसाठी गोठ्यातलं फवारणीचं औषध अंदाजानं लावू नका, प्रमाण चुकलं की विषबाधा होते. ताप, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर गोचीडतापाची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर नवं बुजरं कुत्रं आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शोभेच्या दारूकामाचा आवाज लांबवर जातो. आधीपासून घरात असेल तर अंधार पडायच्या आत फिरवून आणा, खिडक्या लावा, पंखा मोठा करा.

एवढं करूनही निसटलंच, तर नाव पुकारत मागे धावू नका. ते आणखी लांब जाईल. बहुतेकदा ते जवळपासच गाडीखाली, बोळात, पडक्या जागेत दडलेलं असतं. त्याचं अंथरूण दाराबाहेर ठेवा. रात्री उशिरा आणि पहाटे, रस्ते शांत असताना, ज्याच्या हातचं ते खातं त्या एकट्यानंच शोधायला जावं. दिसलं की थोडं लांबच खाली बसून तुकडे टाकत राहावं. आणि दोरी खिशात ठेवावी, हातात दिसू देऊ नये.