आर्टेमिसचं देणं

आर्टेमिस ही प्राचीन ग्रीकांची शिकारीची आणि रानाची देवी. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या एकविसाव्या सर्गात देवादेवांतच जुंपते. देवांचा राजा झ्यूस याची बायको हेरा एका हाताने आर्टेमिसची दोन्ही मनगटं धरते, दुसऱ्या हाताने तिचं धनुष्य हिसकावते आणि त्याच धनुष्याने तिच्या कानशिलात देते. बाण खाली सांडतात आणि ही रडत आपल्या बापाच्या, झ्यूसच्या, मांडीवर जाऊन बसते. होमरचे श्रोते इथे हसले असणार. पण याच प्रसंगात, थोडं आधी, कवी तिला श्वापदांची स्वामिनी म्हणतो. आणि हेरा मारण्यापूर्वी तिला सुनावते: झ्यूसने तुला बायकांपुरती सिंहीण केलंय, त्यांच्यातल्या हवी तिला तू मारतेस. श्वापदं आणि बायका, दोन्ही तिच्या ताब्यात. हे एकत्र कसं, एवढंच मला आज सांगायचंय.

हल्ली आर्टेमिसला निसर्गाची कनवाळू रक्षणकर्ती म्हणून रंगवतात. मला ते पटत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस पात्रा गावच्या तिच्या उत्सवाचं वर्णन करतो. पुजारीण असलेली कुमारिका हरणं जुंपलेल्या रथातून येते. दुसऱ्या दिवशी पक्षी, रानडुकरं, हरणं, लांडग्यांची आणि अस्वलांची पिल्लं पेटत्या वेदीवर जिवंत टाकतात. एखादं अस्वल आगीतून बाहेर धडपडलं तर लोक त्याला धरून परत आत लोटतात. कनवाळूपणा कुठे शोधायचा यात?

तिचा खरा व्यवहार समजून घ्यायचा तर झेनोफनकडे जावं. हा माणूस सैनिक, शेतकरी आणि हाडाचा शिकारी. त्याच्या नावावर असलेल्या शिकारीवरच्या पुस्तकात सशाचा माग कसा काढायचा, कुत्री कशी असावीत हे सगळं आहे, आणि मधेच एक छोटं वाक्य आहे: अगदी लहान पिल्लं शिकारी देवीसाठी सोडून देतात. रान तिचं. त्यातून घ्यायला मनाई नाही, पण घेतलं की आपण तिचं काहीतरी देणं लागतो.

हे देणं फार चिवट असतं. मॅरेथॉनच्या लढाईआधी, इ.स.पू. ४९० मध्ये, अथेन्सकरांनी तिला नवस बोलला की जितके इराणी मारू तितक्या शेळ्या तुला वाहू. मेलेल्या इराण्यांचा आकडा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस ६,४०० देतो. एवढ्या शेळ्या आणायच्या कुठून? मग दरवर्षी ५०० द्यायचं ठरलं. आता भागाकार करा, तेरा वर्षांत फिटायला हवं होतं. पण जवळजवळ नव्वद वर्षांनी झेनोफन आपल्या सैनिकांपुढे भाषण करताना सांगतो की त्या शेळ्या आजही कापल्या जातायत! असा हप्ता कुठल्या सावकारानेही लावला नसेल.

झेनोफनने स्वतःही देणं चुकतं केलं. युद्धातल्या लुटीचा देवीसाठी बाजूला काढलेला हिस्सा त्याच्याकडे होता. त्यातून त्याने ऑलिंपियाजवळ स्किलसला जमीन घेऊन तिचं छोटं देऊळ बांधलं. शेजारी शिलालेख लावला: ही जागा आर्टेमिसची आहे, जो कसेल त्याने दरवर्षी दहावा हिस्सा द्यावा, उरलेल्यातून देऊळ राखावं, नाही केलं तर देवी बघून घेईल.

ती कसं बघून घेते ते ट्रॉयवर चालून निघालेल्या ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याला विचारा. त्याने हरीण मारलं, वर आर्टेमिसलाही असा नेम जमला नसता अशी बढाई मारली. झालं, ऑलिसच्या बंदरात ग्रीकांचं आरमार अडकलं आणि किंमत ठरली त्याची मुलगी, इफिजेनिया. काही कथांत ती मरते, काहींत ऐनवेळी तिच्या जागी हरिणी येते. हरणाच्या बदल्यात मुलगी, मुलीच्या बदल्यात हरिणी: या देवीच्या वहीत दोघी एकाच खात्यावर आहेत.

म्हणूनच ब्राउरॉन महत्त्वाचं. अथेन्सच्या पूर्वेला, समुद्राकाठी, एरासिनोस नदीच्या मुखाशी असलेलं हे आर्टेमिसचं ठाणं. कथा अशी की देवळात एक माणसाळलेलं अस्वल होतं. एका मुलीने त्याची खोडी काढली, त्याने तिला ओरबाडलं, तिच्या भावांनी त्याला मारलं. मग रोगराई पसरली. कौल मिळाला की मुलींनी देवीसाठी 'अस्वल व्हावं'. त्याशिवाय त्यांची लग्नं नाहीत. पाच ते दहा वर्षांच्या मुली इथे यायच्या आणि त्यांना अस्वलीच म्हणत. प्रत्यक्षात सगळ्याच अथेनी मुली येत नसाव्यात, बऱ्या घरच्या थोड्या येत असतील. इ.स.पू. ४११ च्या अरिस्टोफेनिसच्या एका नाटकात बायका आपण लहानपणी केशरी वस्त्र घालून अस्वल झाल्याचं मिरवतात. १९४८ पासून पापादिमित्रिऊ यांनी इथे उत्खनन केलं. त्यात लहान मुलामुलींचे संगमरवरी पुतळे सापडले, आणि छोटी मातीची पात्रंही, ज्यांवर धावणाऱ्या मुली रंगवल्या आहेत.

माझं वाचन असं: ग्रीकांच्या लेखी न उजवलेली पोर रानातलीच, म्हणजे आर्टेमिसची. तिला घरात न्यायचं तर आधी देवीचं देणं फेडायचं, धावून, नाचून, अस्वल होऊन. लग्नाच्या तोंडावर डफ, चेंडू, बाहुल्याही तिलाच वाहायच्या. पण खातं तिथेही मिटत नाही, कारण बाळंतपणात पुन्हा तिचाच धावा. स्वतः कुमारिका, पण जन्मल्या जन्मल्या तिने आपल्या आईला, लेटोला, जुळा भाऊ अपोलोच्या वेळी सुईण होऊन सोडवलं, असं सांगतात. सुखरूप सुटलेली बाई तिला वस्त्र वाहायची. जी दगावायची, तिची वस्त्रं इफिजेनियाला, असं युरिपिडीस नाटकात सांगतो. या वस्त्रांच्या सरकारी याद्या दगडावर कोरलेल्या आहेत; बाईचं नाव, कापडाचा प्रकार, नक्षी, आणि काहींपुढे 'अर्धवट विणलेलं' असा शेरा. अशी वस्त्रं दगावलेल्या बायकांची, असं काही अभ्यासक मानतात. मला हे मोहक वाटतं, पण सिद्ध झालंय असं म्हणवत नाही.

आजच्या तुर्कस्तानातल्या एफिससच्या आर्टेमिसबद्दल मी मुद्दाम बोललो नाही. छातीवर ओळीने गोळे लटकलेली ती मूर्ती आणि इ.स.पू. ३५६ मध्ये जळालेलं ते देऊळ तुम्ही चित्रांत पाहिलं असेल. ती देवी मूळची आशियातली दिसते, ग्रीकांनी तिला आपलं नाव दिलं. ते गोळे स्तन, अंडी की बैलांचे वृषण, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. कुणाला त्यावर वाद घालायचा असेल तर प्रश्नोत्तरांत घालू.